जुना एसएमपीएस नव्या पीसीत घालावा का?

भाचा नवीन पीसी असेंबल करतोय, बजेट ताणलं गेलं तशी त्याची नजर माझ्या माळ्यावरच्या जुन्या कॅबिनेटवर पडली. मामा, यातला एसएमपीएस चालतो ना, मग नवा कशाला? चालतो हे खरंय. 450 वॅटचा आहे, 2013 साली घेतलेला, बटण दाबलं की पंखा गरगर फिरतो. पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत, असं काही नसतं.

एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तो काय करतो ते आधी बघू. सॉकेटमधली 230 व्होल्ट एसी तो आधी सव्वातीनशे ते चारशे व्होल्टच्या डीसीत बदलतो, मग तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली आणतो आणि 12, 5 आणि 3.3 व्होल्ट देतो. आता तुकडे पाडलेली वीज मदरबोर्डला तशीच देऊन चालत नाही, ती सपाट करायला कॅपॅसिटर असतात. नळाला पाणी थांबून थांबून आलं तरी गच्चीवर टाकी असली की बाथरूममध्ये धार सारखी पडते ना, तेच काम.

या कॅपॅसिटरच्या आत एक द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू आटतो. ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. समजा कॅपॅसिटरवर 105 अंशांना 2000 तास असं रेटिंग आहे, मग तो 65 अंशांना 32,000 तास जाईल, म्हणजे रोज आठ तास वापरला तर अकरा वर्षांच्या आसपास. आणि स्वस्तातल्या डब्यात 85 अंशांवाला लावलेला असेल तर त्याच 65 अंशांना 8000 तास, तीन वर्षंही पुरी नाहीत! त्यामुळे किती वर्षं जुना आहे यापेक्षा किती तास आणि किती गरम चालला ते विचारायला हवं, धुळीने जाळी बुजलेला चार वर्षांचा डबा दहा वर्षांच्या स्वच्छ डब्यापेक्षा म्हातारा असू शकतो.

द्रव आटला की टाकी लहान झाल्यासारखं होतं, 12 व्होल्टवर बारीक लहरी उठायला लागतात, त्याला रिपल म्हणतात. एटीएक्स या पीसीच्या मानकाच्या नियमानुसार 12 व्होल्टवर 120 मिलिव्होल्ट आणि 5 व्होल्टवर 50 मिलिव्होल्टपर्यंतच रिपल चालतो. गंमत म्हणजे मल्टिमीटर लावला तर तो सरासरी काढून छान 12.05 दाखवतो, रिपल बघायला ऑसिलोस्कोप, म्हणजे लहरींचा आलेख दाखवणारं यंत्र लागतं. हिरवी वायर काळीला जोडून बिनलोडचा डबा चालू करून बघणारे बरेच असतात, पण त्यातून तो चालू होतो एवढंच कळतं. मोजायचंच तर पीसीवर जड गेम चालू असताना मोजा, 12 व्होल्टचा आकडा 11.4 ते 12.6 च्या बाहेर गेला तर विषय संपला.

आणखी एक खूण आपल्याकडे फुकटात मिळते. लाइट गेली की इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर जाताना काही मिलिसेकंद वीज नसते, चांगल्या एसएमपीएसने तेवढा वेळ (साधारण 16-17 मिलिसेकंद) आपल्या मोठ्या कॅपॅसिटरच्या साठ्यावर काढायला हवा. आधी तसं होत नव्हतं आणि हल्ली दर वेळी पीसी रिस्टार्ट होतोय, तर साठा कमी झाल्याचा संशय घ्यायचा, अर्थात यूपीएसचीच बॅटरी गेलीय का ते आधी बघून. डबा उघडून फुगलेला कॅपॅसिटर शोधायच्या नादी मात्र लागू नका, प्लग काढल्यावरही तो जीवघेणा चार्ज धरून ठेवू शकतो.

आता भाच्याचं. त्याला ग्राफिक्स कार्ड लावायचंय आणि नवी मोठी कार्डं क्षणभरासाठी नेहमीच्या कितीतरी जास्त वीज ओढतात, म्हणून तर 2022 च्या एटीएक्स 3.0 मध्ये रेटिंगच्या दुप्पट झटका 100 मायक्रोसेकंद झेलायची अट आली. 2013 चा डबा बनवताना हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्यात तो मेला तर एकटाच मरेल याची खात्री नाही, स्वस्त डब्यांत संरक्षणाची सर्किटं कधीकधी नावालाच असतात. कार्डाची किंमत बघता नव्या डब्यावर वाचवायचं म्हणजे चपलेसाठी पाय कापण्यातला प्रकार झाला.

भाच्याला नवा 650 वॅटचा घ्यायला लावला. आणि हो, केबल्सही त्याच्याच वापर म्हटलं, डब्याच्या बाजूची पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते, जुनी मॉड्युलर (डब्यापासून सुटी काढता येणारी) केबल नव्या डब्यात बसली तरी हार्ड डिस्क जाळू शकते. जुना डबा मी माझ्या गाण्यांच्या पीसीला लावलाय, त्याला ग्राफिक्स कार्ड नाही, एकच डिस्क आहे, आणि त्या डिस्कची कॉपी दुसऱ्या खोलीत आहे.