कॉफीशॉपच्या दारावरची ‘रहिवासी’ अट: पार्श्वभूमी

ॲमस्टरडॅममध्ये गांजा-चरस विकणाऱ्या दुकानांना कॉफीशॉप म्हणतात. तिथे पर्यटकांना माल विकू द्यावा की नाही, हा वाद दर दोन-तीन वर्षांनी नव्याने पेटतो. बातम्या वाचून वाटते की तो ॲमस्टरडॅममध्येच सुरू झाला. पण ज्या अटीवरून, म्हणजे फक्त नेदरलँड्सच्या रहिवाशांनाच आत घेण्याच्या नियमावरून, भांडण चालले आहे तिचा जन्म तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, बेल्जियमच्या सीमेला चिकटलेल्या मास्ट्रिख्टमध्ये झाला, आणि तिच्यासमोर पाहुणेही वेगळ्याच प्रकारचे होते. हा फरक ध्यानात घेतला नाही तर पुढचे काहीच नीट कळत नाही.

डच व्यवस्थेची मुळे १९७६च्या कायदादुरुस्तीत आहेत. गांजा-चरस आणि हेरॉइनसारखे घातक पदार्थ तेव्हा वेगवेगळ्या याद्यांत गेले. गांजा बेकायदाच राहिला, आजही आहे. पण ठरलेल्या अटी पाळणाऱ्या दुकानावर खटला भरायचा नाही, असे धोरण रुळले. डच भाषेत याला ‘गेडोगेन’ म्हणतात, आपल्याकडे ‘खपवून घेणे’ म्हणतात ते हेच. जाहिरात नको, घातक पदार्थ नकोत, शेजाऱ्यांना उपद्रव नको, १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नको आणि एका गिऱ्हाइकाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त माल नको, या त्या अटी. १९९६पूर्वी मर्यादा ३० ग्रॅमची होती. गिऱ्हाईक कुठला, याच्याशी त्या काळी कुणाला देणेघेणे नव्हते.

ते देणेघेणे सीमेवर सुरू झाले. लिएज, आखेन, लील या शहरांतून गाडी काढायची, सीमा ओलांडायची, पाच ग्रॅम घ्यायचे आणि जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परतायचे, असा हा प्रवास. हॉटेलात खोली नाही, संग्रहालयाचे तिकीट नाही. गावाच्या वाट्याला उरायची ती गल्लीबोळांतली गाड्यांची रांग, रात्री उशिरापर्यंतचा आवाज आणि दुकानांभोवती घोटाळणारे, पाहुण्यांना गाठून घातक पदार्थ खपवणारे दलाल. मास्ट्रिख्टमध्ये १४ कॉफीशॉप होती. त्यांच्याकडे रोज सुमारे १०,००० आणि वर्षाला ३९ लाखांहून अधिक लोक येत, आणि त्यांतले ७० टक्के नेदरलँड्समध्ये राहणारे नव्हते. लाख-सव्वा लाख वस्तीच्या गावासाठी हे आकडे फार मोठे आहेत. या काळातल्या रहिवाशांच्या तक्रारींना पुढे ‘पाहुण्यांचा दुस्वास’ म्हणण्याची पद्धत पडली, ती मला पटत नाही. रोज दारात परकी गाडी उभी राहत असेल, तर माणूस तक्रार करणारच.

पश्चिमेकडच्या रोसेन्डाल आणि बेर्गन-ऑप-झोम या गावांनी २००९मध्ये आपली सगळी कॉफीशॉप बंद करून टाकली. मास्ट्रिख्टने तसे केले नाही. तिथल्या पालिकेने २००५च्या अखेरीस नियम केला की कॉफीशॉपमध्ये फक्त ‘इंगेझेटेने’ असलेल्यांनाच प्रवेश. पुढची वीस वर्षे या शब्दाने वकिलांना काम पुरवले.

‘इंगेझेटेने’ म्हणजे रहिवासी, नागरिक नव्हे. ज्याचे नाव डच पालिकेच्या लोकसंख्या नोंदवहीत आहे तो रहिवासी. पासपोर्ट कोणत्या देशाचा, याचा संबंध नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला अधिवास दाखला आठवेल, पण त्यासारखी पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट इथे नाही. पत्ता नोंदवला की झाले. त्यामुळे पुण्याहून नोकरीसाठी ॲमस्टरडॅमशेजारच्या आमस्टेलफेनला गेलेला आणि तिथे नाव नोंदवलेला मराठी अभियंता या नियमाप्रमाणे आत जाऊ शकतो. उलट, घर स्वस्त मिळाले म्हणून सीमेपलीकडे बेल्जियमच्या लानाकेनमध्ये राहायला गेलेला, मास्ट्रिख्टमध्येच जन्मलेला डच माणूस दारातून परत फिरतो.

मुद्दा किरकोळ वाटला तरी नियम टिकला तो यामुळेच. पासपोर्ट पाहून अडवले असते, तर युरोपीय संघाच्या कायद्यात तो सरळसरळ भेदभाव ठरला असता. राहण्याच्या जागेवरून अडवणे हा आडवळणाचा भेदभाव आहे. त्याला सबळ कारण दाखवता आले तर तो चालतो. २००६मध्ये परदेशी गिऱ्हाइकांना आत घेतल्यावरून एक कॉफीशॉप तात्पुरते बंद करण्याचा आदेश महापौरांनी दिला. मालक न्यायालयात गेला आणि प्रश्न लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत पोहोचला. १६ डिसेंबर २०१०च्या निकालात युरोपीय न्यायाधीशांनी त्याचे दोन तुकडे केले. गांज्याची विक्री सगळ्याच सदस्य देशांत निषिद्ध, म्हणून तिच्यासाठी मुक्त व्यापाराचे संरक्षण मागता येत नाही. पण त्याच टेबलावर मिळणारी कॉफी आणि सँडविच? ती कायदेशीर सेवा आहे आणि परदेशी माणसाला ती नाकारणे हे स्वातंत्र्यावरचे बंधन आहेच. मात्र अमली पदार्थांसाठीचे पर्यटन रोखण्याच्या हेतूने हे बंधन समर्थनीय ठरते, असा कौल आला. बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीच्या सरकारांनीही पालिकेच्या बाजूनेच म्हणणे मांडले होते.

या कौलाच्या बळावर केंद्र सरकारने पुढची उडी घेतली, आणि माझ्या मते तिथेच घोळ झाला. १ मे २०१२पासून लिम्बुर्ग, नॉर्ड-ब्राबांत आणि झेलांड या दक्षिणेकडच्या तीन प्रांतांत कॉफीशॉपना बंदिस्त मंडळ केले गेले. जास्तीत जास्त २,००० सभासद, सगळे रहिवासी, सगळ्यांची नोंद. यालाच लोक ‘वीटपास’, म्हणजे गांज्याचा पास म्हणू लागले. परदेशी गाड्या खरोखरच घटल्या. पण स्थानिक गिऱ्हाइकांनाही आपले नाव असल्या यादीत नको होते. कायद्याने नुसत्या खपवून घेतलेल्या गोष्टीची लेखी कबुली कोण देईल? तेही रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडे वळले. जो धंदा चार भिंतींत, वय तपासून चालत होता तो मास्ट्रिख्टच्या पदपथांवर आणि नदीकाठी आला. रहिवाशांची तक्रार आता पार्किंगऐवजी दलालांबद्दल होती.

वर्षअखेरीस नव्या आघाडी सरकारने पास रद्द केला. रहिवासी अट मात्र ठेवली आणि १ जानेवारी २०१३पासून ती देशभर लागू केली. अंमलबजावणी मात्र स्थानिक परिस्थितीनुसार, असे सांगून. एकच अट मास्ट्रिख्टमध्ये दारावर तपासली जाते आणि ॲमस्टरडॅममध्ये नाही, याचे कारण हेच. तेव्हाच्या ॲमस्टरडॅमच्या महापौरांनी लगेच सांगून टाकले होते की दारे बंद केली तर पर्यटक गांजा रस्त्यावर शोधतील आणि फसवणूक, भांडणे, लूटमार वाढेल.

पुढच्या महापौरांनी मत फिरवले, कारण शहराचे दुखणे बदलले होते. जुन्या गाभ्यातले रहिवासी गर्दीने हैराण झाले होते. तिथे आलेल्या १८ ते ३५ वयाच्या परदेशी पाहुण्यांच्या पाहणीत ३४ टक्के म्हणाले, कॉफीशॉप बंद झाली तर आमच्या खेपा कमी होतील. ११ टक्के म्हणाले, येणारच नाही. जानेवारी २०२१मध्ये महापौरांनी रहिवासी अट लागू करण्याचा प्रस्ताव मांडला. शहरात तेव्हा १६६ कॉफीशॉप होती आणि स्थानिक गरजेला त्यांतली निम्मीही लागली नसती. नगरसभेत बहुमत काही जुळले नाही. त्याऐवजी २५ मे २०२३पासून जुन्या गाभ्यातल्या रस्त्यांवर गांजा ओढायला १०० युरो दंडाची बंदी आली, आणि त्याच वर्षी तरुण ब्रिटिश पुरुषांना उद्देशून ‘येऊ नका’ अशी जाहिरात मोहीमही झाली.

इथला पाहुणा विमानाने येतो, दोन-तीन रात्री राहतो, खातो-पितो, पर्यटन कर भरतो. दार बंद दिसले म्हणून तो मास्ट्रिख्टच्या पाहुण्यासारखा गाडी वळवून घरी जाणार नाही. तो सुट्टीवर आहे, शहरातच फिरणार आहे. मास्ट्रिख्टचा अनुभव दाखवून ॲमस्टरडॅमसाठी निष्कर्ष काढणाऱ्या दोन्ही बाजू हे विसरतात.

दुकानात येणारा माल कायदेशीर मार्गाने यायची सोयच नव्हती, हा प्रश्न १९७६पासून तसाच होता. त्याला हात लागला तो डिसेंबर २०२३मध्ये, ब्रेडा आणि टिलबर्गपासून. आता मास्ट्रिख्टसह दहा पालिकांत परवानाधारक उत्पादकांचाच गांजा विकला जातो. मागच्या दाराने काय यावे हे तिथे कायदा ठरवतो; पुढच्या दाराने कोणी यावे, हे अजूनही त्या त्या गावच्या महापौरांवर सोडलेले आहे.