वैमानिकांच्या हवामान अहवालांमागचा इतिहास

३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येऊन, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून त्याच रात्री आपापल्या शहरांकडे परतू लागली. हवामानाचे उपग्रह तेव्हा नव्हते. त्यामुळे पुढच्या वाटेवरील हवेची सर्वांत ताजी खबर ती वाट नुकतीच उडून आलेल्या वैमानिकापाशीच असणार, हे उघड होते.

अशी खबर तोंडी राहिली की तिचा अर्थ ऐकणाऱ्यावर अवलंबून राहतो. एकाचे ‘जोराचे हादरे’ दुसऱ्याला किरकोळ वाटतात. म्हणून नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या १९४८ मध्ये स्वीकारलेल्या, हवामानविषयक तिसऱ्या परिशिष्टातून या निरीक्षणांना आंतरराष्ट्रीय शिस्त लागत गेली: विमानाचे स्थान, वेळ आणि उंची ठराविक क्रमाने सांगायची, हादऱ्यांची तीव्रता सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरलेल्या शब्दांतच सांगायचे. तीव्र हादरे, पंखांवर साचणारा बर्फ, गारांचे वादळ यांसाठी नेहमीच्या अहवालाहून वेगळा ‘विशेष’ अहवाल लगेच द्यावा लागतो.

ही यादी अनुभवातून, कधी फार मोठी किंमत मोजून, वाढली. १९८२ मध्ये जावा बेटावरून जाणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबो विमानाची चारही इंजिने ज्वालामुखीच्या राखेमुळे बंद पडली. विमानातील हवामान रडारला ती कोरडी राख दिसलीच नव्हती. त्याआधी २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये, नुकत्याच उतरलेल्या मालवाहू विमानाच्या वैमानिकाने धावपट्टीजवळच्या वाऱ्याच्या धोकादायक बदलाची सूचना टॉवरला दिली होती. धावपट्टी मात्र बदलली गेली नाही, आणि काही मिनिटांनी तिथेच उतरू पाहणाऱ्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानातील शंभराहून अधिक माणसे गेली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत जड पान हेच आहे, कारण अहवाल दिला गेला होता.

म्हणूनच अहवालाच्या पुढच्या प्रवासाला एवढे महत्त्व आहे. वैमानिक तो रेडिओवरून हवाई वाहतूक नियंत्रकाला सांगतो. नियंत्रक त्याच मार्गावरील इतर विमानांना सावध करतो आणि हवामान कार्यालयाला कळवतो. आपल्याकडे धोक्याचा ‘सिगमेट’ इशारा काढणारी कार्यालये दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे, म्हणजे टपालाच्या त्याच चार शहरांत आहेत.

आज अनेक विमानांतून तापमान व वाऱ्याच्या नोंदी आपोआप जमिनीवर पोहोचतात. तरीही एप्रिल-मेमध्ये विदर्भावर गडगडाटी ढग उभे राहतात तेव्हा कोणत्या उंचीवर गारा लागल्या हे वैमानिकालाच सांगावे लागते, आणि ‘इथे हादरे नाहीत’ हा अहवालही पूर्वानुमान पडताळण्यासाठी तितकाच लागतो.