तलावातले मासे पहाटेच का मरतात?

ठाण्यातल्या एखाद्या तलावात मासे मरून वर आले की काठावर एकच चर्चा सुरू होते: कुणीतरी विष टाकलं असणार. कधीकधी ते खरंही असेल. पण मेलेले मासे बहुधा सकाळी फिरायला येणाऱ्यांनाच का दिसतात? कारण शहरी तलावातले मासे बरेचदा रात्रीतून गुदमरलेले असतात. पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि तो संपतो तलावात अन्न जास्त झालं म्हणून.

मुळात पाण्यात ऑक्सिजन मावतोच किती? ३० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. तेवढ्याच हवेत तो याच्या तीसपटीहून जास्त असतो. बहुतेक माशांना लिटरमागे ४-५ मिलिग्रॅम तरी लागतो. २ च्या खाली गेला की ते पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात.

आता हिशेब करून बघा. माशांना घालायचं पुण्य म्हणून कुणी ४०० ग्रॅमचा अख्खा ब्रेड तलावात सोडला. त्यात साधारण २०० ग्रॅम पिष्टमय पदार्थ. मासे खातील ते खातील. उरलेला ब्रेड जीवाणू कुजवतात. सगळाच कुजला असं धरलं, तर २०० ग्रॅम पिष्ट पुरतं विघटित व्हायला सुमारे २४० ग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडतो. म्हणजे ३२,००० लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन! सोसायटीत येणारे दहा हजार लिटरचे तीन टँकर डोळ्यांसमोर आणा. हवेतून नवा ऑक्सिजन मिसळत राहतो म्हणून एका ब्रेडने तलाव मरत नाही. पण कणकेच्या गोळ्या, कुरमुरे आणि निर्माल्य रोजचंच असतं.

अर्थात, सांडपाण्यापुढे हे सगळं किरकोळ. पाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागेल, हे प्रयोगशाळेत नमुना २७ अंशांना तीन दिवस ठेवून मोजतात. त्याला बीओडी म्हणतात. आंघोळीयोग्य पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असा आपल्याकडचा निकष आहे. घरगुती कच्च्या सांडपाण्यात तो २०० च्या पुढे सहज जातो. शौचालयाची किंवा मोरीची एखादी जोडणी मलवाहिनीऐवजी पावसाळी गटाराला दिलेली असली, की ते पाणी थेट तलावात किंवा खाडीत. खाडीला निदान दिवसातून दोनदा भरती-ओहोटी तरी आहे; तलाव बिचारा जागच्या जागी.

पण नुसतं कुजणं म्हणजे अर्धीच गोष्ट. सांडपाण्याबरोबर फॉस्फरस येतो: मैल्यातून, काही डिटर्जंटमधून, बागेत घातलेल्या खतातून. १९७३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एका तलावाच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. दुसरा भाग हिरवागार झाला, पहिला जवळपास होता तसाच राहिला. गोड्या पाण्यातल्या शैवालाची वाढ बहुधा फॉस्फरसवर अडलेली असते, हे त्यातून ठळकपणे दिसलं.

हे शैवाल दिवसा ऑक्सिजन सोडतं. रात्री मात्र तेही माशांसारखाच श्वास घेतं. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी होतो, आणि आदल्या दिवशी आभाळ भरलेलं असलं तर आणखीच. यातली गंमत अशी, की दुपारी नमुन्याची बाटली भरली तर याच तलावाचा आकडा झकास येतो! पाण्याचा अहवाल वाचताना नमुना किती वाजता घेतला, हे आधी विचारावं.

विसर्जनाच्या बाबतीत बोलणं बहुतेक रंगांपाशीच थांबतं. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ऑक्सिजन संपलेल्या गाळात काही जीवाणू याच सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्यांचा वास येतो तो त्याचाच, आणि माशांना तो वायू विषारीच. ठाण्यात कृत्रिम तलावांची पद्धत रुळली हे फारच चांगलं झालं. शाडूची मूर्तीसुद्धा तिथेच न्यावी, कारण तिचा शेवटी गाळच होतो.

मासे मरू लागले की कारंजं बसवण्याची मागणी होते. कारंज्याने ऑक्सिजन मिसळतो, पण संध्याकाळी लोकांना बघायला म्हणून ते चालवण्यात काय हशील? खरी गरज मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंत असते. आणि रात्रभर चालवलं, तरी फॉस्फरस कुठेच जात नाही.

तो साठतो गाळात. ऑक्सिजन असेपर्यंत गाळातलं लोह त्याला धरून ठेवतं. ऑक्सिजन गेला की लोहाचं रूप बदलतं आणि फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो. म्हणून आज नाले बंद केले तरी तलाव आणखी काही वर्षं हिरवाच राहू शकतो, आणि लोकांना वाटतं, पैसे पाण्यात गेले. नाले वळवणं आधी, गाळ काढणं नंतर, हाच क्रम हवा. उलट केलं तर दर काही वर्षांनी तेच काम नव्याने करावं लागतं. आणि काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवू नये. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत तो फॉस्फरससकट परत तलावात उतरतो.