तिसऱ्यांनी (शिंपल्यांनी) तोंड उघडलं, म्हणजे त्या शिजल्या का?

१९८८च्या जानेवारीत शांघायमध्ये काविळीची साथ उसळली आणि मार्चपर्यंत सुमारे ३ लाख लोकांना तिने गाठलं. मूळ सापडलं ताटातच. सांडपाण्याने दूषित झालेल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्या उकळत्या पाण्यातून जेमतेम काढून, अर्धकच्च्या खाण्याची तिथे रीत होती. त्यातून हेपॅटायटिस एचा विषाणू पोटात गेला.

समुद्राच्या मिलिलिटरभर पाण्यात साधारण १ कोटी विषाणू असतात. त्यातले बहुतेक जीवाणूंवर जगतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. आपल्याला मुख्यतः बाधतात ते आपणच सोडलेल्या मैल्यातून आलेले हेपॅटायटिस ए आणि उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस. या दोघांना मेदाचं आवरण नसल्यामुळे ते खाऱ्या, थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतात. जठरातल्या आम्लालाही दाद देत नाहीत, मग लिंबाची काय कथा!

कालवं, तिसऱ्या पाणी गाळून जगतात. एक मोठं कालव तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून ओढतं आणि त्यातले विषाणू आतड्यात साठत जातात. कालवाला त्याचं काहीच होत नाही. वास, रंग, चव सगळं ताजं. शिवाय बांगड्याचं पोट आपण साफ करतो, तिसरी मात्र पोटासकट खातो. स्वच्छ पाण्याच्या टाकीत दोन दिवस ठेवलं की जीवाणू बरेचसे निघून जातात. नोरोव्हायरस मात्र कालवाच्या आतड्यातल्या शर्करांना चिकटून राहतो. त्यामुळे जीवाणूंच्या चाचणीत पास झालेला माल विषाणूमुक्त असेलच असं नाही.

विषाणू मारायला मांसाच्या गाभ्यात ९० अंश सेल्सिअस तापमान ९० सेकंद टिकावं लागतं. शिंपली त्याआधीच उघडते, म्हणून तोंडं उघडल्यावरही ३ ते ५ मिनिटं खळखळ उकळू द्या. तोंडं सहज उघडावीत म्हणून तिसऱ्या फ्रीझरमध्ये ठेवतात. त्या थंडीने विषाणू मरत नाही. विळीवर उघडताना गळणारं पाणी रश्शात घालणार असाल तर तेही उकळलंच पाहिजे. आणि त्याच विळीवर, साबणाने घासल्याशिवाय, कोथिंबीर चिरू नका. खरा घात बऱ्याचदा तिथेच होतो.

नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाब १२ ते ४८ तासांत सुरू होतात. हेपॅटायटिस एची लक्षणं दिसायला २ ते ७ आठवडे लागतात, तोवर ते जेवण विसरलेलं असतं. डोळे पिवळे दिसले, तर गेल्या दोन महिन्यांत कालवं-तिसऱ्या खाल्ल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.