तुमचा ग्राफ कोणत्या प्रकारचा? शीट पाठवण्याआधी एवढं वाचा

ठिबकची पाइपलाइन, घंटागाडीचा मार्ग, क्लासच्या पेपरांचं वेळापत्रक अशी कामं आली की आम्ही तुमच्या शीटवरून, म्हणजे कुठून कुठे जोड आहे त्या यादीवरून, आधी त्यांचा ग्राफ करतो. ग्राफ म्हणजे पावसाचा चढउतार दाखवणारी रेघ नव्हे. व्हॉल्व्ह, चौक किंवा गाव म्हणजे बिंदू. त्यांना सांधणारा पाइप किंवा रस्ता म्हणजे जोड. पुढची पद्धत ग्राफच्या प्रकारावर ठरते, म्हणून तो आधी कोडने तपासायचा.

ठिबक
विहिरीपासून मेन लाइन, तिथून सबमेन, पुढे लॅटरल (रोपांपर्यंत जाणाऱ्या बारीक नळ्या). ही रचना 'ट्री', म्हणजे सलग आणि कुठेही बंद फेरा नसलेली, असेल तर प्रत्येक लॅटरलपर्यंत पाण्याला एकच वाट असते आणि दाबाचा हिशोब सरळ होतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेटवर्कएक्स लायब्ररीतलं 'इज_ट्री' हे फंक्शन दोनच गोष्टी बघतं: सगळे बिंदू एकमेकांना पोचतात का, आणि जोड बिंदूंपेक्षा बरोबर एकने कमी आहेत का. बरेच जण नुसती मोजणी करून मोकळे होतात. तीन व्हॉल्व्हचा बंद फेरा आणि बाजूला एक सुटा व्हॉल्व्ह घ्या. बिंदू 4, जोड 3. मोजणी जुळली, पण चौथ्याला थेंबभर पाणी नाही.

गावांची नावं
खरा दगा कोडपेक्षा शीट देते. एका ओळीत औरंगाबाद–जालना, दुसरीत छत्रपती संभाजीनगर–पैठण. वर अंबाजोगाई, खाली अंबेजोगाई. आपल्याला कळतं, संगणकाला नाही. तो दोन वेगळी गावं धरतो आणि सलग जाळं तुटलेलं दाखवतो. नावामागे राहिलेली एक स्पेससुद्धा त्याला पुरते. त्यामुळे जाळं सलग आहे का ते बघणारं 'इज_कनेक्टेड' हे फंक्शन नाही म्हणालं की आम्ही रस्त्याला दोष न देता आधी नावं बघतो.

घंटागाडी
प्रत्येक गल्ली एकदाच घेऊन गाडी निघाल्या जागी परत यायची, तर ग्राफ सलग हवा आणि प्रत्येक चौकाला सम संख्येने रस्ते हवेत. याला 'ऑयलरियन' म्हणतात. दोनच चौक विषम असतील तर एका चौकातून निघून दुसऱ्यात संपवता येतं. गणितज्ञ ऑयलरने 1736 साली कोनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांवरून हा विचार मांडला. तिथे चारही भूभागांना विषम पूल होते (5, 3, 3, 3), म्हणून प्रत्येक पूल एकदाच ओलांडणं अशक्य.

आता हेच पूल नेटवर्कएक्सच्या साध्या 'ग्राफ'मध्ये भरा. त्याच दोन बिंदूंमधला दुसरा पूल तो गुपचूप गाळतो. साताचे पाच उरतात, विषम बिंदू दोनच राहतात, आणि कोड सांगतो की वाट सापडली! इथे त्याच दोन बिंदूंमध्ये अनेक जोड ठेवणारा 'मल्टिग्राफ'च वापरावा लागतो. आपल्या जुन्या वस्त्यांत दोन चौकांमध्ये दोन-दोन बोळ असतातच, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही.

क्लासवाल्यांसाठी
ज्या दोन पेपरांना एक तरी विद्यार्थी सामाईक आहे, त्यांना जोड द्या. ग्राफ 'बायपार्टाइट' निघाला, म्हणजे बिंदूंचे असे दोन गट पडले की एकाच गटातल्या दोघांत जोड नाही, तर दोन वेळांत सगळे पेपर बसतात. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही एकमेकांना जोडलेले असतील तर दोन वेळांचा नाद सोडा.

शीट कशी पाठवाल
दोन रकाने पुरेत: कुठून, कुठे. वनवे रस्ता असेल तर तिसऱ्या रकान्यात तसं लिहा. दिशा आली की तपासणीचं फंक्शनच बदलतं, दिशेच्या ग्राफवर 'इज_कनेक्टेड' सरळ एरर देतं. दोन चौकांमध्ये दोन रस्ते असतील तर ओळीही दोन ठेवा, आणि पाठवण्याआधी एक्सेलचं 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' कृपया दाबू नका.