भिंतीवरून उतरलेलं वर्ष

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली उतरतं आणि त्याच खिळ्याला नवं लागतं. जुनं रद्दीत जाण्याआधी त्यातल्या कामाच्या तारखा नव्यावर उतरवून घ्यायच्या असतात: वाढदिवस, श्राद्धतिथी, विम्याचा हप्ता. हे काम आईचं. यंदा तिने ते माझ्या गळ्यात घातलं आणि मी जेवणाच्या टेबलावर ते बारा कागद उलटत बसले.

‘दूध नाही’, ‘गॅस लावला’, ‘इस्त्री १४’. मार्चमध्ये १८ तारखेच्या चौकोनात एकच शब्द, ‘बायपास’. पुढचे दहा चौकोन कोरे. त्या दिवसांत दूध आलं की नाही, कुणी पाहिलंच नव्हतं. मग ६ मेला आईच्या बारीक अक्षरात, ‘हे जिना चढले’.

दोन मजले! त्या दिवशी घरात शिरा झाला होता आणि ते मी साफ विसरले होते. ‘वर्ष कसं गेलं?’ असं कुणी विचारलं असतं, तर ‘नको ते आठवायला’ असंच म्हणाले असते. मार्चमधलं बाबांचं ऑपरेशन आणि डिसेंबरात संपलेलं माझं कंत्राट, एवढंच डोळ्यांपुढे आलं असतं. बरं, विसरले ते फक्त चांगलंच असंही नाही. ऑगस्टमध्ये भावाला डेंगी झाला होता, तोही पार पुसला गेला होता.

स्मरणशक्तीच्या या खोडीवर मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात एक मिनिट हात बुडवायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला तेच एक मिनिट, वर आणखी अर्धा मिनिट. मात्र त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. म्हणजे तरीही गारच, फक्त किंचित सुसह्य. नंतर विचारलं, यातला कोणता त्रास पुन्हा घ्याल? ३२ पैकी २२ जणांनी लांबलेला त्रास निवडला! एकूण किती वेळ सोसलं, याचा हिशेब मन जवळजवळ ठेवतच नाही. सगळ्यात तीव्र क्षण कोणता होता आणि शेवट कसा झाला, या दोन गोष्टींवर ते निकाल देऊन टाकतं.

दीड मिनिटाच्या प्रयोगावरून बारा महिन्यांबद्दल बोलणं ही उडी मोठी आहे, हे मला मान्य. पण कालनिर्णय समोर ठेवून ती मारायचा मोह आवरत नाही. ‘वर्ष वाईट गेलं’ हा निकाल मी फक्त मार्च आणि डिसेंबर पाहून दिला होता. मधले आठ महिने साक्षीला बोलावलेच नव्हते.

शरीराची वही मात्र वेगळी. तिथे मधले महिने वगळले जात नाहीत.

ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून निरोप निघतो. पीयूषिका ग्रंथीमार्फत तो मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरतं. लगेच वापरायला साखर उपलब्ध होते, शरीर धावपळीला सज्ज होतं. कॉर्टिसॉल काही खलनायक नाही. रोज सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात त्याची पातळी चढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठते. आपण अंथरुणातून उठतो त्यात त्याचाही हात असतो. अडचण अशी की हा निरोप पाठवायला समोर वाघच लागतो असं नाही. रात्री दोन वाजता मनात आलेला ‘रिपोर्ट काय येईल?’ हा प्रश्नही पुरतो. आणि प्रश्न वाघासारखा निघून जात नाही.

महिनोन्‌महिने असं चाललं की झीज साठत जाते. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर या संशोधकांनी १९९३ साली तिला ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. आपण त्याला साठलेल्या ताणाचं ओझं म्हणू. रक्तदाब, झोप, पोटावरची चरबी, स्मरणशक्ती, सगळीकडे त्याची नोंद होते. म्हणून ऑपरेशन पार पडलं, बाबा फिरायला जायला लागले, तरी घरातली बाकीची माणसं दमलेलीच राहतात, आणि ‘आता कसलं टेन्शन?’ असं विचारणाऱ्यांना काय उत्तर द्यावं ते सुचत नाही.

१९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांना गुण देऊन एक मोजपट्टी तयार केली. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, घरच्या माणसाच्या प्रकृतीतला बदल ४४. त्याच यादीत लग्नाला ५०, सुट्टीला १३ आणि नाताळला १२ गुण आहेत! सगळ्यांना एकच माप लावणारी म्हणून ही पट्टी आता ढोबळ वाटते. पण सुट्टी आणि सण हेही शरीराच्या दृष्टीने कामच, ही तिची नोंद मला पटते. वर्षभर दमलेल्या माणसाने ३१ डिसेंबरला गाडी काढून गोव्याच्या रांगेत सहा तास उभं राहणं म्हणजे विश्रांती नव्हे, एवढं कळायला मोजपट्टीही लागत नाही.

मग करायचं काय? रात्री डोक्यात भुंगा घोंघावत राहतो त्याच्यावर एक साधा उपाय तपासला गेला आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी लवकर. मला वाटलं होतं उलट होईल. उरलेली कामं पाहून झोप उडेल. पण ‘विम्याचं काहीतरी करायचंय’ हे डोक्यात फिरत राहतं आणि ‘सोमवारी अकराला क्लेमच्या पावत्या झेरॉक्स करायच्या’ हे कागदावर जाऊन बसतं. प्रयोग छोटा आहे आणि निरोगी तरुणांवरचा आहे. पण खर्च एका कागदाचा.

दुसरं, श्वास. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी २३ जणांना लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींमध्ये श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली, आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब यांच्या चढउतारांची लय तिच्याशी जुळली. गोव्यात संध्याकाळी ख्रिस्ती घराघरांतून म्हटला जाणारा तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, आणि आमच्या आजीचा हरिपाठ त्या प्रयोगात नव्हते, पण आजीला संधिप्रकाशात ओसरीवर बसलेली ज्यांनी पाहिलंय त्यांना नवल वाटणार नाही.

संकल्पांबद्दल मी जरा साशंक आहे. नव्या आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला माणसं जास्त उत्साहाने जिमला जातात, हे २०१४ च्या एका अभ्यासात दिसलंय. धक्का मिळतो हे खरं. पण आधीच ओझ्याने वाकलेल्या माणसाने त्यावर दहा संकल्प कशाला चढवायचे? यंदा माझ्या यादीत एकच आहे, अकराला दिवा बंद.

दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोजच मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कागद-पेन आणि श्वास यांच्या भरवशावर राहू नये, डॉक्टरांकडे जावं. १४४१६ हा केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तारखा उतरवून झाल्या. बाबांची पुढची तपासणी १४ जानेवारीला आहे, तिथे आईने आधीच ‘तिळगूळ’ लिहून ठेवलंय, म्हणून मी खाली बारीक अक्षरात ‘इको, उपाशीपोटी नको’ असं कोंबलं. जुनं कालनिर्णय गुंडाळून रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं, तर आई ओट्यापाशीच ओरडली, “अगं, ते नको टाकूस. मेच्या पानामागे लोणच्याची कृती आहे.”