स्पोर्ट्स कारमधील ओरखडलेल्या ट्रिम पॅनेलांचे पुनर्रंगकाम

मोटारीच्या अंतर्भागात दारांच्या कडा, गिअरभोवतीचा कन्सोल, डॅशबोर्डवरील पट्ट्या, स्विचांभोवतालच्या चौकटी, उंबऱ्यावरील झाकणे असे जे दर्शनी भाग बसवलेले असतात त्यांना ट्रिम म्हणतात. त्यांच्यावरचा कारखान्यातला रंग ओरखडला, झिजला किंवा चिकट झाला, की तो घासून अथवा उतरवून नवा रंग चढवणे म्हणजे ट्रिमचे पुनर्रंगकाम. बाहेरच्या पत्र्याच्या रंगकामाशी याचे नाते आहे, पण दोन्ही कामांचा स्वभाव निराळा. तिथे धातू असतो, इथे बहुधा प्लास्टिक. तिथे चकाकी हवी असते, इथे बहुतेक ठिकाणी ती नकोच असते. शिवाय पत्र्याला हात क्वचित लागतो. आतल्या रंगाला मात्र घाम, अंगठ्या, नखे आणि बुटांच्या टाचा रोजच सोसाव्या लागतात.

स्पोर्ट्स कारमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तिची बैठक खाली आणि केबिन अरुंद असते. आत शिरताना पाय रुंद उंबऱ्यावर घासतो, गुडघा कन्सोलला टेकतो, सीटबेल्टचे बक्कल सुटून दाराजवळच्या पॅनेलवर आपटते. उघड्या छताच्या गाड्यांत त्यात थेट उन्हाची भर पडते. या गाड्या कमी संख्येने बनतात, त्यामुळे काही वर्षांनी सुटे पॅनेल मिळेनासे होते किंवा एका पट्टीसाठी अख्खा कन्सोल विकत घ्यावा लागतो. अशा वेळी मूळ भाग वाचवण्याचा मार्ग म्हणून पुनर्रंगकामाकडे पाहिले जाते.

पार्श्वभूमी

पूर्वी गाडीच्या आत रंगवलेला पत्राच दिसे. पोर्श ३५६ सारख्या गाड्यांचे डॅशबोर्ड बाहेरच्याच रंगात रंगवलेले असत आणि ते ओरखडले तर पत्र्याचेच तंत्र वापरून दुरुस्त होत. १९६८ पासून अमेरिकेत अंतर्भागातील आघातापासून प्रवाशांचे रक्षण करणारे संघराज्य मानक क्र. २०१ लागू झाले आणि डॅशबोर्डवर फोम व व्हिनाइलचे अस्तर रूढ होत गेले. पुढे साच्यातून काढलेल्या प्लास्टिकने जवळपास सगळा अंतर्भाग व्यापला. नुसते प्लास्टिक हलके वाटते म्हणून १९९० च्या दशकात त्यावर मऊ, रबरासारखा स्पर्श देणारा पॉलियुरेथेनचा लेप देण्याची पद्धत पसरली. १९९६ ची पोर्श बॉक्स्टर आणि तिच्याशी भाग वाटून घेणारी ९९६ पिढीची ९११ यांच्या कन्सोलवरचा असा लेप नखानेही निघतो, तर फेरारी ३६० मोडेना आणि एफ४३० यांची बटणे चिकट होण्यासाठी ओळखली जातात. उष्णता आणि हवेतील ओलावा यांमुळे पॉलियुरेथेनच्या रेणूंच्या साखळ्यांचे जलीय विच्छेदन होते, म्हणजे पाण्यामुळे त्या तुटतात. त्यात हाताचे तेल आणि सनस्क्रीन मुरले की लेप आधी मऊ, मग चिकट होतो. हा लेप कितीही पुसला तरी पुन्हा चिकटच होतो. तो पूर्ण उतरवणे हाच त्यावरचा इलाज.

ओरखड्याची पारख

रंगाचा डबा उघडण्यापूर्वी ओरखडा कोणत्या थरात आहे हे ठरवावे लागते. नख त्यावरून न अडखळता सरकले, तर ओरखडा बहुधा वरच्या पारदर्शक थरातच असतो आणि चकाकदार पॅनेलवर तो बारीक पॉलिशने जातो. पियानो-काळ्या, म्हणजे पियानोसारख्या चकचकीत काळ्या, पट्ट्यांवरचे जाळीदार चरे हे याचे नेहमीचे उदाहरण. ते रंगवायला घेणे म्हणजे विनाकारण मूळ फिनिश गमावणे. चऱ्याच्या तळाशी वेगळा रंग दिसत असेल तर रंगाचा थर फाटला आहे, आणि तिथेच पुनर्रंगकामाची खरी गरज असते.

तिसरा प्रकार फसवा आहे. पुष्कळ पॅनेल रंगवलेली नसतातच. प्लास्टिकच्या गोळीतच रंग मिसळलेला असतो. अशा पॅनेलवरचा चरा पांढुरका दिसतो, तो प्लास्टिक ताणले गेल्यामुळे, खालून दुसरा रंग उघडा पडल्यामुळे नव्हे. अशा भागाला एकदा रंग लावला की पुढचा प्रत्येक ओरखडा मूळ रंग उघडा पाडतो आणि आधी नव्हती ती देखभाल कायमची मागे लागते. म्हणून न रंगवलेले, दाणेदार पोताचे पॅनेल शक्यतो तसेच ठेवावे.

प्लास्टिक ओळखणे

पॅनेल उलटून पाहिले की मागे दोन कोनी कंसांमध्ये प्लास्टिकची खूण कोरलेली सापडते. आयएसओ ११४६९ या मानकानुसार ती दिलेली असते. एबीएस हे कठीण प्लास्टिक किंवा पीसी (पॉलिकार्बोनेट) आणि एबीएस यांचे मिश्रण असेल तर रंग सहसा नीट धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलिन, असेल तर गोष्ट वेगळी. ‘पीपी-टी२०’ अशा खुणेचा अर्थ त्यात २० टक्के टाल्क भरलेले आहे असा होतो. पॉलिप्रोपिलिनची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला धरून ठेवण्याची पृष्ठभागाची ओढ, सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर इतकीच असल्याने त्यावर रंग पसरत नाही आणि पसरला तरी पापुद्र्यासारखा सुटून येतो. कारखान्यात त्यावर ज्योत किंवा प्लाझ्मा फिरवून पृष्ठभाग सक्रिय करतात. हाताने काम करणाऱ्याला त्याऐवजी क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिन असलेला आसंजक (रंगाला पकड देणारा) प्रायमर वापरावा लागतो. तो अगदी पातळ लावायचा असतो आणि डब्यावर दिलेल्या वेळेच्या आतच त्यावर पुढचा हात चढवायचा असतो. जाड लावला तर तोच दुबळा थर ठरतो.

द्रावकाची निवडही प्लास्टिकवरच ठरते. अ‍ॅसिटोन एबीएस आणि पॉलिकार्बोनेट यांना विरघळवतो. चिकट लेप लवकर निघावा म्हणून तो ओतला की खालचे पॅनेलच वितळून खराब होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले कापड थोडा वेळ लेपावर ठेवून, मऊ झालेला थर प्लास्टिकच्या पातीने खरवडायचा, ही संथ पण सुरक्षित रीत आहे. बटणांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. त्यांवरची चिन्हे बहुधा छापलेली नसतात. खाली प्रकाश जाऊ देणारे पांढरे प्लास्टिक, त्यावर काळा थर, आणि लेझरने तो थर चिन्हाच्या आकारात उडवलेला अशी ती रचना असते. लेप उतरवताना काळा थर गेला की चिन्हही गेले. मग पुन्हा रंगवून लेझरने कोरून घेण्यावाचून पर्याय राहत नाही.

पॅनेल सोडवणे

गाडीतच मास्किंग टेप लावून रंगवलेल्या पॅनेलच्या कडेला रंगाची धार राहते आणि सोलण्याची सुरुवात तिथूनच होते. म्हणून भाग सोडवून काढणेच योग्य. पॅनेल लपलेल्या स्क्रूंवर आणि क्लिपांवर बसलेले असतात, आणि जुन्या क्लिपा ठिसूळ होऊन तुटतात. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटण्यापेक्षा प्लास्टिकची पाती वापरली तर कडांवर नवे व्रण उमटत नाहीत.

एअरबॅगच्या वायरिंगचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. त्यांच्या आसपास काम करण्यापूर्वी बॅटरी सोडवून निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबावे लागते. ज्या झाकणामागे एअरबॅग आहे ते झाकण रंगवू नये, मग त्यावर कितीही खोल ओरखडा असो. त्याच्या पाठीमागे ठरलेल्या जागी फाटण्यासाठी कमकुवत रेघ ठेवलेली असते. वर चढलेले थर त्या फाटण्यात बदल करू शकतात, आणि सुटलेले रंगाचे तुकडे प्रवाशाच्या चेहऱ्याकडे उडू शकतात.

पूर्वतयारी

पुनर्रंगकाम फसते ते बहुतेक वेळा रंगामुळे नव्हे, तर त्याआधीच्या साफसफाईमुळे. डॅशबोर्ड चमकवण्याच्या द्रव्यांमध्ये सिलिकोन असते. त्याचा अंश राहिला तर ओला रंग त्या जागेपासून दूर सरतो आणि गोल खळगे पडतात. आधी घासून मग पुसले तर पॉलिश पेपर सिलिकोन चऱ्यांमध्ये दाबून बसवतो. त्यामुळे क्रम पक्का आहे: साबणाच्या पाण्याने धुणे, तेल काढणाऱ्या द्रवाने पुसणे, मग घासणे, आणि पुन्हा पुसणे. एका कापडाने ओले करून दुसऱ्या कोरड्या कापडाने ते लगेच उचलायचे असते. द्रव तसाच सुकू दिला तर मळ जागचा हलत नाही.

गुळगुळीत पॅनेलवर फाटलेल्या रंगाची कड ३२० किंवा ४०० नंबरच्या पेपरने उतरती करतात आणि ६०० ते ८०० ने सगळा पृष्ठभाग एकसारखा मंद करतात. बोट फिरवून कड जाणवत असेल तर ती रंगाखालूनही दिसते. खोल चरा प्लास्टिकसाठीच्या लवचीक पुट्टीने भरतात. दाणेदार पोत मात्र साच्यातूनच उमटलेला असतो. पेपरने घासला की तो कायमचा जातो आणि पुट्टीने बुजतो. अशा पॅनेलवर करडा घासणी पॅड आणि घासणी पेस्ट एवढेच वापरून दाण्याच्या खोबणीपर्यंत पोचावे लागते. पोत देणारे स्प्रे उपलब्ध आहेत, पण शेजारच्या पॅनेलच्या दाण्याशी त्यांचा तंतोतंत मेळ क्वचितच बसतो.

रंग, चकाकी आणि जुळणी

आतल्या भागांना बाहेरच्या रंगापेक्षा वेगळा कोड असतो. त्या कोडचा रंगही जुन्या गाडीशी जुळेलच असे नाही, कारण आजूबाजूचे भाग उन्हाने फिके पडलेले असतात. नमुना म्हणून कायम झाकलेली कड घ्यावी की उन्हातला भाग, हे काम एका पॅनेलचे आहे की सगळ्यांचे यावर ठरते. जुळणी ऊन, सावली आणि दिव्याचा उजेड अशा तिन्हींत पाहावी. एका प्रकाशात एकसारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात.

तरीही दुरुस्ती उघडी पडते ती रंगछटेपेक्षा चकाकीतल्या फरकामुळे, आणि या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तेही तिकडेच. चकाकी ६० अंशांच्या कोनात मोजतात. मॅट डॅशबोर्डची चकाकी बहुधा अगदी थोड्या एककांची असते, तर पियानो-काळ्याची ८० च्याही पुढे जाते. मॅट लॅकरमध्ये सिलिकेचे बारीक कण असतात. ते पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत ठेवतात आणि प्रकाश विखुरतात. हे कण डब्याच्या तळाशी बसतात, म्हणून नीट न ढवळलेल्या एकाच डब्यातून पहिले पॅनेल चमकदार आणि शेवटचे मंद निघते. थर किती ओला व जाड पडला यानेही चकाकी बदलते. मॅट थरावर धूळ बसली तर ती पॉलिशने काढता येत नाही, कारण घासलेली जागा चमकू लागते. पूर्ण पॅनेल पुन्हा मारावे लागते. डॅशबोर्डच्या वरच्या भागावर हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. तिथली जास्तीची चमक उन्हात समोरच्या काचेवर प्रतिबिंब टाकते आणि चालकाला रस्ता धूसर दिसतो.

प्रत्यक्ष फवारणीत एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. स्प्रे कॅन २० ते २५ सेंटिमीटरवर धरतात, फवारा पॅनेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवतात आणि दोन हातांमध्ये साधारण १० ते १५ मिनिटे थांबतात. घाई केली की आत अडकलेला द्रावक वरचा थर सुरकुतवतो किंवा रंगाला ओघळ येतात. चंदेरी धातुई रंगात आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्यातील अॅल्युमिनियमचे कण फवाऱ्याच्या दिशेने व ओलेपणाने कमीजास्त आडवे बसतात, त्यामुळे सगळी पॅनेल एकाच बैठकीत, गाडीत ती जशी बसतात त्याच दिशेने मांडून रंगवावी. माझदा एमएक्स-५ च्या चौथ्या पिढीत दारांच्या आतल्या वरच्या कडा बाहेरच्या रंगाच्या आहेत. तिथे आतला आणि बाहेरचा रंग एकाच नजरेत येतो, म्हणून ही जुळणी विशेष कठीण ठरते.

प्लास्टिक नसलेल्या भागांचे नियम वेगळे आहेत. कार्बन फायबरवर फक्त पारदर्शक थर घासायचा. पेपर तंतूंपर्यंत गेला की विणीवरचा डाग झाकता येत नाही. अॅनोडाइझ केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढवलेल्या, अॅल्युमिनियमवरचा तो थर काही मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे त्यावरचा चरा पॉलिशने काढू गेले की थरही जातो. असा भाग पुन्हा अॅनोडाइझ करणे हेच मूळ रूपाला धरून राहणारे काम.

आरोग्य आणि सुरक्षा

सर्वांत टिकाऊ लॅकर दोन घटकांचे असतात आणि त्यांच्या हार्डनरमध्ये, म्हणजे थर कडक करणाऱ्या घटकात, आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्यामुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोडा संपर्कही झटका आणू शकतो. हानिकारक पातळीला त्याचा वास येतोच असे नाही, त्यामुळे नाकावर विसंबून राहता येत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचणारी फवारणी खोली नसेल तर हे लॅकर वापरूच नये. एक घटकाचा रंग थोडा कमी टिकेल, पण फुप्फुसे शाबूत राहतील.

गाडीत वापरल्या जाणाऱ्या साहित्याच्या ज्वलनशीलतेवरही मर्यादा आहेत. अमेरिकेच्या मानक क्र. ३०२ नुसार ज्वाला मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. उन्हात तापलेल्या केबिनमध्ये रंगातून सुटणारी द्रव्ये काचेवर धुक्यासारखा थर धरतात. ते मोजण्यासाठी डीआयएन ७५२०१ ही चाचणी आहे. घरगुती रंग या कसोट्यांसाठी बनवलेले नसतात. मोटारीच्या आतील भागासाठीच तयार केलेला रंग घेण्याचे हे एक ठोस कारण.

सुकणे आणि निगा

रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला कित्येक दिवस ते काही आठवडे घेतो. उष्णतेने हे लवकर होते. मात्र एबीएसचे भाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढे नेले तर वाकण्याचा धोका वाढतो. पॅनेल घाईने बसवले की क्लिपांचे आणि बोटांचे ठसे कायमचे उमटतात. सुरुवातीच्या काळात नुसत्या ओलसर मऊ कापडानेच पुसावे. सनस्क्रीन आणि कीटक पळवणारे मलम लागलेले हात रंगाला लागले तर ते लगेच पुसून काढावे, कारण डीईईटीसारखी द्रव्ये रंग व प्लास्टिक दोन्ही मऊ करतात. सिलिकोनयुक्त चमक देणारी द्रव्ये नंतरही टाळावी, म्हणजे त्याच पॅनेलला पुढे कधी हात लावावा लागला तर पृष्ठभाग स्वच्छ मिळेल.